ओढ्याकाठची वहिवाट

दिवाळीला गावी जायचे म्हणजे आमच्या घरी आठ दिवस आधीपासून डब्यांची मोजदाद सुरू होते. चकलीचा डबा अण्णांना, अनारसे वहिनींना, आणि चिवड्याचा मोठा डबा सगळ्यांना मिळून, कारण तो वाटून घ्यायला गेले की भांडणे होतात. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, या डब्यांबरोबर मी आणखी एक वस्तू आठवणीने घेतली होती. वाचायचा चष्मा. एरवी गावी मला तो लागत नाही. पण या खेपेला पुतण्याचा फोन आला होता, "काका, येताना चष्मा आणा. एका कागदावर सही करायची आहे."

बत्तीस वर्षे मी महसूल खात्यात कारकुनी केली. त्या काळात लोकांच्या सह्या घेतल्या, अंगठे घेतले, सह्या का केल्या म्हणून नंतर रडणारी माणसेही पाहिली. त्यामुळे सही हा शब्द ऐकला की माझ्या पोटात थोडे कालवते. सौ. म्हणाली, "घरचाच कागद आहे ना? मग एवढे तोंड कशाला वाकडे करता?" मी म्हणालो, "घरचा आहे म्हणूनच."

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या खोऱ्यात. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, तिथे शेती पाहतात. मी पुण्यात दोन खोल्यांच्या घरात बसून शेतीविषयी मते बाळगतो. सातबारा दोघांचा सामाईक आहे. बहिणीने एका साडीवर हक्कसोड करून दिली, तो विषय वेगळा आहे आणि आम्हा दोघा भावांना फारसा शोभणारा नाही.

कागद असा होता. आमच्या गटाला लागून एक ओढा आहे. त्याच्या काठाला १४ आर, म्हणजे जवळजवळ १४ गुंठ्यांचा एक लांबट पट्टा सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून लिहिलेला आहे. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पोटखराब म्हणजे जमीन आपलीच, पण लागवडीला निकामी. तिच्यावर आकार नाही आणि तिच्यात पीक नाही. हा पट्टा साफ करून, सपाट करून लागवडीखाली आणावा, असा पुतण्याचा बेत होता आणि त्यासाठी त्याने अर्ज तयार ठेवला होता. हिशेबही तयार होता. एकरी ४० टन धरला तर १४ गुंठ्यांत १४ टन ऊस. टनाला तीन हजारांच्या आसपास धरले तर वर्षाला ४२ हजार. पुतण्या कृषी पदविकाधारक आहे, त्याचे हिशेब बरोबर असतात.

पण खरे कारण ४२ हजार नव्हते. ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळले.

आम्ही पोचलो तो दिवस वसुबारसेचा. पुण्यात वसुबारस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एखादी गाय-वासरू उभी करून पाच रुपयांचा चारा विकणारा माणूस. गावी वहिनी खरोखरच्या गाईची पूजा करतात. आणि वरच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात, आणि गुरावासरांना सांभाळ म्हणून त्यालाच साकडे घालतात. लहानपणी मला हा मोठा विनोद वाटे. ज्याच्यापासून राखायचे त्यालाच राखणदार नेमायचे! आता वयाने कळते की असल्या करारात दोन्ही पक्षांची थोडी पंचाईत होत असते, आणि त्यामुळेच तो टिकतो.

त्या वर्षी मात्र वाघबारसेचे नाव कोणी हसून घेत नव्हते. आमच्याकडे बिबट्याला बिबट्या फक्त वर्तमानपत्रात म्हणतात, घरात तो वाघच. शेजारच्या शिरूर तालुक्यात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याने मारली. त्यांत दोन मुले होती. त्यातली पहिली बातमी वसुबारसेच्या आधीच येऊन थडकली होती. संध्याकाळी सहा वाजता आमच्या आळीची दारे लागली. पणत्या लावल्या त्या उंबऱ्याच्या आत. फटाक्यांसाठी हट्ट धरणाऱ्या पाच वर्षांच्या नातवाला वहिनींनी असे घट्ट मांडीत धरून ठेवले होते की तो बिचारा लाडू खाणेही विसरला.

"मोत्या कुठे दिसत नाही?" मी विचारले.

कोणी बोलले नाही. मग पुतण्या म्हणाला, "भाद्रपदात नेला. ओट्यावरून. सकाळी पट्टा सापडला ओढ्यात, घाणेरीच्या जाळीत." आणि थोडे थांबून, "म्हणून म्हणतो काका, झाडोरा गेला की वाघ गेला. सही करा."

चष्मा खिशात होता. मी तो पिशवीत राहिल्याचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अण्णांनी मला हाक मारली. हातात काठी, डोक्याला मफलर. "चल, तुला तुझी १४ गुंठे दाखवतो. कागदावर किती दिवस बघणार?"

आमच्या ओढ्याचे वर्णन करायचे तर सुंदर म्हणता येणार नाही. पावसाळ्यात गढूळ, हिवाळ्यात गुडघाभर, उन्हाळ्यात डबक्याडबक्यांचा. काठाला करंज, जांभूळ, दोन जुने उंबर, निरगुडीची बेटे आणि मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत माजलेली घाणेरी. बांधावर आजोबांनी लावलेले शेराचे कुंपण, ज्याचा चीक डोळ्यात गेल्याच्या भीतीने आमचे बालपण गेले. हा ओढा वरच्या डोंगरातून उतरतो, अकरा जणांच्या शेतांमधून वाट काढतो आणि मीनेला मिळतो. दोन्ही बाजूंना ऊस. आमच्या लहानपणी इथे बाजरी आणि मठ होते. वडजचे धरण झाले, पाणी आले, आणि बाजरीचे खोरे उसाचे झाले.

काठाने बैलगाडीची जुनी वाट आहे. अण्णा तिच्या फुफाट्यात काठीने रेघा मारत चालले होते, शाळामास्तर फळ्यावर मारतो तशा.

"हे बघ. कुत्रं. नखं उमटलीत. आणि हे?"

ठसा गोल होता, वाटीएवढा, आणि त्याला नखे नव्हती. मांजराच्या जातीचे जनावर चालताना नखे आत ओढून घेते, हे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्याच शेताच्या वाटेवर, आपल्याच चपलेच्या ठशाशेजारी पाहिली की तिचा अर्थ एकदम बदलतो. मी मागे वळून पाहिले. अण्णा हसले.

पुढे तरसाची पावले होती. त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा, म्हणून ते ओळखू येते. एका दगडावर कोल्ह्याने विष्ठा टाकली होती, तीत सीताफळाच्या बिया. अण्णा म्हणाले, हा दगड त्यांच्या आठवणीत कायम असाच वापरात आहे. कोल्हे बदलले, दगड तोच. साळूचा एक काटा सापडला, तो मी नातवासाठी खिशात घातला. शेराच्या बुडाशी मुंगसाची ये-जा होऊन बोगद्यासारखी वाट पडली होती. रानमांजराची वाट बांधाबांधाने उसात जात होती. उसात उंदीर फार, त्यांच्या मागावर ते जाते. आणि ही सगळी मंडळी ओढ्यात असूनही ओढ्याच्या आतून चालत नव्हती! मला वाटले होते, जनावर म्हणजे झाडीतून लपत-छपत जाणार.

"झाडीत कशाला चालंल?" अण्णा म्हणाले. "पाचोळा वाजतो, काटे लागतात. वाघ आपल्यासारखाच गाडीवाटेनं चालतो. झाडी फक्त हाताशी पाहिजे. माणूस दिसलं, बॅटरी दिसली, की एका उडीत आत. अन् दिवसा झोपायला."

मी जन्मभर नकाशे पाहिले, पण वाट कशाला म्हणतात हे मला त्या सकाळी समजले. मामलेदाराच्या कोर्टात वहिवाटीचे दावे चालत. अमक्याच्या बांधावरून तमक्याची पूर्वापार वहिवाट आहे, ती त्याने काटे टाकून अडवली, तरी ती खुली करून मिळावी. अशा शेकडो अर्जांवर मी आवक क्रमांक घातले आहेत. डोंगरापासून नदीपर्यंत अकरा गटांमधून जाणारी ही वहिवाट आमच्या आजोबांच्या फेरफाराच्याही आधीची. तिचा अर्जदार मात्र कधी कचेरीत आला नाही.

हे मी मोठ्या उत्साहाने घरी येऊन सांगितले. वहिनी चुलीपुढे होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "भावजी, शाळेची वाट कुठून जाते?"

ती त्याच ओढ्याच्या कडेने जाते. दोनशे पावले.

"पहाटे चारला मी गोठ्यात धार काढायला जाते. शेतीची लाइट रात्रीची आली की हा पोरगा एकटा उसाला पाणी धरायला जातो. तुम्ही पुण्यात दार लावून झोपता. वहिवाट त्याची असंल, नाही म्हणत नाही. पण माझा नातू एकच आहे."

याला उत्तर नव्हते. माझ्याजवळ आजही नाही. मी कागद पिशवीत घातला आणि 'पुण्याला जाऊन नीट वाचतो' असे म्हणून भाऊबीजेनंतर निघून आलो. सरकारी भाषेत याला प्रकरण प्रलंबित ठेवणे म्हणतात. साध्या भाषेत पळ काढणे.

पुण्यात आल्यावर मात्र मला चैन पडेना. निवृत्त कारकुनाला वेळ भरपूर आणि फायली चाळण्याची सवय जुनी. मी या बिबट्याच्या प्रकरणाची फाइल उघडली.

आमच्याच डोंगरापलीकडे अकोले तालुका आहे, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तिथल्या शेतीच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून जनावरे मोजली. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. खोऱ्यात अभयारण्य नाही, मोठे जंगल नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. आणि त्यांच्यातच १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे, आणि तितकीच तरसे! म्हणजे आपण ज्याला 'जंगलातून भरकटत आलेला' म्हणतो तो भरकटलेला नव्हेच. तो तिथला रहिवासी. तो खातो काय, हेही त्यांनी विष्ठा तपासून पाहिले. त्याच्या अन्नात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरे निघाली, आणि एकटी कुत्रीच ३९ टक्के. मला मोत्याची आठवण झाली आणि मी चष्मा काढून ठेवला.

मग पुतण्याचा प्रश्न. झाडोरा गेला की वाघ जातो का? किंवा सरळ पकडून लांब सोडला तर? हा प्रयोग आमच्याच तालुक्यात होऊन गेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात शंभरावर बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि त्यातले बरेच दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्या वर्षांत ते सरासरी सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर, ना वाट माहीत ना लपण माहीत. शिवाय पिंजऱ्यात माणसांचा कालवा सोसून आलेले. बदलीच्या गावी नव्याने रुजू झालेला कारकून पहिले सहा महिने सगळ्यांवर खेकसत असतो, तसे काहीसे. हसू येते, पण त्या सतरांत घरोघरीची माणसे होती.

आणि सोडलेले जनावर तिथे राहते म्हणावे तर तेही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. आजोबा साधारण महिनाभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालले. रात्री चालायचे, दिवसा कुठे तरी झाडोऱ्यात पडून राहायचे. महामार्ग ओलांडला, कसाऱ्याकडचा लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाऊन पोचले. वाटेत एकाही माणसाला त्यांनी ओरखडा काढला नाही. २०११ साली महामार्गावर वाहनाची धडक बसून ते गेले. २०१४ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. तो सौ.ने पाहिला होता, मी पाहिला नव्हता. त्यामुळे ही सगळी माहिती मी तिला मोठ्या ऐटीत सांगत असताना ती मध्येच म्हणाली, "पुढे खाडी पोहतात, मला माहीत आहे."

आजोबांपेक्षाही लांब चालणारा एक तरुण आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ, खराखुरा पट्टेरी, २०१९ साली नवा मुलूख शोधायला निघाला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचेपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर चालला. कापसा-तुरीची शेते, नाले, रस्ते, गावे. एवढ्या मोठ्या जनावराला एवढी माणसे चुकवून जाता आले ते नाल्याकाठच्या झुडपांच्या जिवावर. नकाशावर त्या झुडपांना नाव नसते. बहुधा तीही कोणाची तरी पोटखराबच.

माझ्या डोक्यात हळूहळू एक गोष्ट बसू लागली. ऊस हे जंगल नव्हे. उसात बिबट्या राहतो, पिल्ले घालतो, दिवसभर झोपतो, हे खरे. पण ऊस बारा-पंधरा महिन्यांत कोयत्याखाली जातो. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटतात आणि दोन-तीन महिन्यांत खोऱ्याच्या अंगावरचे पांघरूण ओढून काढल्यासारखे होते. त्या दिवसांत जनावराला उरते काय? ओढा. तोही काढला, तर वाघ नाहीसा होईल की फक्त त्याची वाट नाहीशी होईल?

हे मी पुतण्याला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "काका, हे पुण्यातून म्हणायला सोपे आहे." त्याचेही बरोबर होते.

जानेवारीत आमच्या वरच्या तुकड्यात तोड आली. टोळी बीडकडची, ओढ्यापलीकडे त्यांच्या कोप्या पडलेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एका बाईचा कोयता थांबला. सरीत दोन पिल्ले, डोळे नुकते उघडलेली, मांजराएवढी. काम थांबले. असे प्रसंग आता आमच्याकडे दरसाल होतात आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रामुळे काय करायचे ते लोकांना माहीत झाले आहे. पिल्ले घरी न्यायची नाहीत, फोटोसाठी हातांतून हातांत फिरवायची नाहीत. वनखात्याची माणसे आली, पिल्ले तपासली, आणि अंधार पडायच्या आत त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून दिली. शेजारी कॅमेरा लावला. पिल्ले गेली की आई चवताळते आणि मग त्या शिवारात कोणाचीच खैर नसते, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या रात्री कोप्यांमधल्या बायका पोरांना मधे घालून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मला चित्रफीत पाठवली. काळोखात ती आली. क्रेट पंजाने कलंडले. एक पिल्लू मानेला धरले आणि ओढ्याच्या दिशेने गेली. बराच वेळ नुसती रिकामी सरी दिसते, दुसरे पिल्लू ओरडते. मग ती परत आली आणि दुसरे घेऊन गेली. खाली पुतण्याने एवढेच लिहिले होते, 'आईने दोनदा बघितली.' आई म्हणजे आमच्या वहिनी.

फाल्गुनात मी पुन्हा गावी गेलो. कागद बरोबर होता, कोराच. सगळा ऊस गेलेला. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत खोरे भाजलेल्या भाकरीसारखे उघडे, आणि त्याच्या मधून ओढ्याची एक हिरवी रेघ. पण रेघ अखंड नव्हती. आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने मधल्या काळात जेसीबी लावून आपला काठ साफ केला होता. दोनशे पावलांचा तुकडा, तळहातासारखा गुळगुळीत. अण्णांनी मला तिथे नेले आणि काही बोलले नाहीत, नुसती काठी टेकली.

वरून येणारी पावले साफ केलेल्या तुकड्यापाशी येऊन थांबत होती. कोल्ह्याची, तरसाची, बिबट्याची. थोडी घोटाळत होती. मग वळून, शेजाऱ्याच्या घरामागच्या उकिरड्याच्या आडोशाने, बाभळीच्या कुंपणाला धरून, शाळेच्या वाटेवर येत होती. तिथून आमच्या गोठ्याच्या मागून परत ओढ्यात. पूर्वी शाळेच्या वाटेला ओढा लागून होता खरा, पण जनावरांची वाट पलीकडच्या काठाने होती. आता दोन्ही वाटा एक झाल्या होत्या.

पुतण्याही बरोबर होता. तो ठशांकडे बघत म्हणाला, "म्हणजे त्यांनी साफ केला म्हणून आपण ठेवायचा? आपल्याच पोराच्या वाटेवर?" हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. त्याच ठशांवरून तो पिंजरा मागणार होता आणि मी झाडी. अण्णा म्हणाले, "कापली तर इथून थेट ओट्यावर येईल. मोत्याच्या जागेवर." त्यावर तो गप्प बसला, पण पटले म्हणून नव्हे.

निकाल वहिनींनी दिला. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी मला पाटावर बसवले आणि अटी सांगितल्या. घरापासून तीस पावलांतली घाणेरी मुळासकट काढायची. शाळेच्या वाटेच्या दोन्ही बाजू उंच गवत राहू द्यायचे नाही. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी. ओट्यापाशी आणि वळणावर दिवे. मेलेले वासरू, कोंबड्यांची घाण ओढ्यात टाकायची नाही, म्हणजे कुत्री तिकडे जमणार नाहीत. नातू एकटा शाळेत जाणार नाही, आळीतली पोरे एका मोठ्या माणसाबरोबर जातील. "एवढं करा, मग तुमचा ओढा राहू द्या. आणि खर्च भावजी करतील, वहिवाटीचे वकील तेच आहेत."

जाळी, दिवे, मजुरी मिळून बेचाळीस हजारांच्या वर गेले. पुतण्याच्या हिशेबातला एक वर्षाचा ऊस. पुण्याच्या घराला रंग काढायचा म्हणून सौ.ने तीन वर्षे बाजूला टाकलेले पैसे होते, ते गेले. तिने हिशेब ऐकून घेतला, भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "तो डाग मला आता बिबट्यासारखाच दिसायला लागला आहे."

वनखात्यातल्या एका तरुणाने निघायच्या आधी आमच्या काठावर दहा रात्री कॅमेरा लावला होता. नंतर त्याचे फोटो आले. मुंगूस अनेकदा, पण तो दिवसाढवळ्याचा गृहस्थ. रानमांजर. उदमांजर, उंबराच्या फांदीवरून उतरताना. साळू, मागे दोन पिल्लांसह, सगळ्यांचे काटे पसरलेले. खोकड. तरस दोन रात्री. बिबट्या दहा रात्रींत एकदाच, पाठमोरा. सर्वांत जास्त फोटो अण्णांचे निघाले, पहाटे साडेचारला, मफलर बांधून, हातात तांब्या. घरात दोन संडास बांधलेले असताना! वहिनींनी तो विषय महिनाभर पुरवला.

शेजाऱ्याच्या त्या दोनशे पावलांत अण्णांनी या पावसाळ्यात बांधाच्या कडेने करंज आणि निरगुडी लावू द्यावी म्हणून विनंती केली. त्याने एका बाजूच्या ओळीला हो म्हटले, दुसऱ्या बाजूला नाही. ओळीतली काही रोपे लागली, काही शेळ्यांनी खाल्ली. पुतण्याने मात्र मला साफ सांगितले आहे, "काका, अर्ज फाडू नका. आळीत कोणाला काही झाले तर मी त्याच दिवशी जेसीबी बोलावणार." मी अर्ज फाडलेला नाही. तो माझ्या कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली आहे.

यंदाचे डबे भरून झाले आहेत. नातवाने फोनवरून स्वतंत्र यादी दिली आहे. त्यात फुलबाज्या आहेत, बॅटरी आहे, आणि साळूचा आणखी एक काटा, कारण पहिला त्याने शाळेत बाईंना देऊन टाकला. काटा पुण्यात कुठे मिळतो, म्हणून सौ. मला विचारत होती. मी म्हटले, तो तिथेच वाटेवर शोधावा लागेल, उजाडल्यावर, अण्णांच्या बरोबर.